बाराहि सुरांचा अभ्यास



संगीताच्या तासाला आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. "सर, कीबोर्डाला ट्रान्स्पोजचें बटण असतांना सगळ्या सुरांत वाजवायला शिकायचें कशाला?" हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आळशीच असतो असें नाहीं, किंबहुना वर्गांतील चलाख मुलेंच तो अधिक विचारतात. ज्या कामाला यंत्र आहे तें हातानें कां करावें, ही शंका रास्त आहे, व रास्त शंकेला रागावून उत्तर देणें शिक्षकाला शोभत नाहीं. म्हणून या लेखांत त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहों. आणि नुसतें उत्तर देऊन न थांबतां, बाराहि सुरांत वाजविण्याची विद्या कोणत्या पायऱ्यांनीं साध्य करून घ्यावी हेंहि सांगणार आहों.

प्रथम हें बटण करितें काय तें पाहूं. पेटीच्या किंवा कीबोर्डाच्या एका सप्तकांत सात पांढऱ्या व पांच काळ्या मिळून बारा पट्ट्या असतात. गाणाऱ्याचा षड्ज यांपैकीं ज्या पट्टीवर पडतो, तो त्याचा सूर असें आपण म्हणतों. आपल्याकडे साधारणतः पुरुषांचा सूर पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास, व स्त्रियांचा पांढरी पांच ते काळी पांच यांच्या आसपास असतो. आतां ज्याला पांढरी एक येथूनच वाजवितां येतें, त्याच्यापुढें काळी दोनमध्यें गाणारा येऊन बसला तर तो बटण दाबून तीन घरें पुढें जातो. बोटें पांढरी एकवरच राहतात, व आवाज मात्र काळी दोनचा निघतो.

ही सोय अगदीं आजची नव्हे. स्केल चेंजर पेटींत पट्ट्यांची सबंध चौकट सरकवून हेंच काम होतें. अमेरिकेंतील प्रसिद्ध गीतकार अर्व्हिंग बर्लिन (१८८८-१९८९) यानें 'व्हाइट ख्रिसमस' यासारखीं जगभर गाजलेलीं गाणीं रचलीं. परंतु तो पियानो वाजवी तो जवळजवळ नेहमीं काळी तीन या एकाच सुरांत. इतर सुरांसाठीं त्यानें पट्ट्या सरकविण्याची दांडी बसविलेला खास पियानो बाळगला होता. तेव्हां अशा युक्तीचा आधार घेणारा मनुष्य संगीताला नालायक होय, असें कोणी म्हणूं नये. आम्हीहि म्हणत नाहीं.

मग अडचण कोठें आहे? पहिली अडचण अशी कीं, बटण त्या एका वाद्यावर असतें, वाजविणाऱ्याच्या हातांत नसतें. साध्या पेटीला बटण नाहीं, पायपेटीला नाहीं, देवळांतील जुन्या पियानोलाहि नाहीं. दुसरी अडचण विसरण्याची. मागच्या गाण्याला तीनवर ठेविलेलें बटण पुन्हां शून्यावर आणावयाचें राहून जातें, आणि पुढच्या गाण्याला पेटी एका सुरांत व कीबोर्ड दुसऱ्या सुरांत असा गोंधळ भर सभेंत उडतो. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. डोळ्यांना पांढरी एक दिसते व कानांना काळी दोन ऐकूं येते. ज्या वयांत डोळा, कान व बोट यांची मैत्री व्हावयाची, त्याच वयांत आपण त्यांना एकमेकांशीं खोटें बोलावयास लावितों.

परंतु सर्वांत मोठी हानि वाजविणाऱ्याची होत नाहीं, गाणाऱ्याची होते. याविषयीं आमचा स्वतःचा एक दोष कबूल करणें आम्हांस येथें प्राप्त आहे.

सुमारें बावीस वर्षांपूर्वीं आम्ही नुकतेच शिक्षक झालों होतों. प्रार्थनेला साधी पेटी असे, व आमच्या हातवळणीचे सूर दोनच, पांढरी एक आणि पांढरी चार. सातवींत असल्यापासून एक मुलगा प्रार्थनेच्या वेळीं पुढें उभा राहून फार गोड गात असे. नववींत त्याचा आवाज फुटूं लागला व वरचे स्वर त्याला लागेनात. प्रार्थना तीन-चार पट्ट्या खालीं घेतली असती तर त्याला ती सुखानें म्हणतां आली असती. पण खालच्या त्या सुरांत आमचीं बोटें चालत नव्हतीं. दोष आपल्याकडे घ्यावयाचा सोडून आम्ही त्याला सांगितलें, "तुझा गळा गेला. आतां मागच्या रांगेंत उभा राहा." तो निमूटपणें मागें गेला व वर्षभर नुसते ओठ हलवीत राहिला.

गेल्या जून महिन्यांत तेच गृहस्थ आपल्या मुलीला पांचवींत घालण्यासाठीं शाळेंत आले. संगीताच्या वर्गाची गोष्ट निघतांच हंसून म्हणाले, "सर, आमच्या घरांत गळा कोणालाच नाहीं. तुम्हींच तर सांगितलं होतं." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें वाक्य आम्हांस अधिक लागलें. वास्तविक त्यांचा गळा गेला नव्हता. तो खालीं उतरला होता. या वयांत मुलांचा आवाज साधारणतः एक सप्तक खालीं येतो, व तो स्थिर होईपर्यंत गाण्याचा सूर वरचेवर बदलून घ्यावा लागतो. साथ करणाऱ्याला हें ठाऊक नसलें, अथवा ठाऊक असूनहि त्याचा हात चालत नसला, तर चूक त्याची व शिक्षा गाणाऱ्याला, असा प्रकार होतो.

एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल कीं, त्या वेळीं बटण असतें तर काम भागलें असतें. खरें आहे, भागलें असतें. पण बटण नव्हतें. आणि जेव्हां तें नसतें तेव्हां आपल्याजवळ काय उरतें, हाच विद्येचा प्रश्न आहे. असो. आतां रीतीकडे वळूं.

पायरी पहिली : मोजणी

बारा पट्ट्यांचीं नांवें क्रमानें तोंडपाठ करावीं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पांच, काळी चार, पांढरी सहा, काळी पांच, पांढरी सात. पांढरी तीन व चार यांच्यामध्यें, तसेंच पांढरी सात व पुढच्या सप्तकाची एक यांच्यामध्यें काळी पट्टी नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

आतां शुद्ध स्वरांचें सप्तक कोणत्याहि पट्टीपासून लावण्यासाठीं एकच सूत्र पुरतें : दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. षड्जापासून दोन घरें पुढें ऋषभ, तेथून दोन घरें गंधार, एक घर मध्यम, दोन घरें पंचम, दोन घरें धैवत, दोन घरें निषाद, व एक घर तार षड्ज. बेरीज बारा. जो हें सूत्र विसरला नाहीं, तो कोणत्याहि सुरांत कायमचा अडणार नाहीं.

हें सूत्र सगळीकडे सारखें कां लागू पडतें, त्याचेंहि कारण जाणून घेण्यासारखें आहे. सप्तक पुरें झालें म्हणजे कंपनांची संख्या दुप्पट होते. पांढरी सहाचीं सेकंदास ४४० कंपनें धरलीं तर वरच्या सप्तकांतील पांढरी सहाचीं ८८० होतात. या दुपटीचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणजे प्रत्येक पट्टीचीं कंपनें मागच्या पट्टीच्या सुमारें १.०५९५ पट असतात. म्हणून काळी पांचचीं कंपनें सुमारें ४६६ भरतात. जिना कोठूनहि चढावयास लागलें तरी पायऱ्या सारख्याच उंचीच्या, असा हा प्रकार आहे. या समान वांटणीमुळें आपल्या रागांतील सूक्ष्म श्रुति पेटींतून निघत नाहींत, हा शास्त्रोक्त गायकांचा आक्षेप खरा आहे. रेडिओवर १९४० सालीं पेटीला बंदी झाली, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. तथापि बाराहि सुरांत मोकळेपणानें फिरण्याची सोय याच तडजोडीनें दिली आहे.

यूरोपांत या मोकळेपणाचें मोठें उदाहरण योहान सेबास्टियन बाख यानें घालून दिलें. सर्व सूर वापरण्याजोगे होतील अशा रीतीनें मिळविलेल्या वाद्यासाठीं त्यानें १७२२ सालीं एक ग्रंथ सिद्ध केला. बारा सुरांपैकीं प्रत्येकांत दोन दोन प्रकारांनीं, अशा एकंदर २४ जोडरचना त्यांत आहेत. शिकूं इच्छिणाऱ्या तरुणांच्या उपयोगासाठीं हा ग्रंथ आहे, असें त्यानें मुखपृष्ठावरच नमूद केलें आहे. म्हणजे तीनशें वर्षांपूर्वींहि बाराहि सूर हा विद्यार्थ्यांचाच पाठ होता.

पायरी दुसरी : पंचमाची वाट

बारा सूर एकापुढें एक पट्टी घेऊन शिकूं नयेत. त्यानें मन गोंधळतें. ज्या सुरांत आपण वाजवितों त्याचा पंचम हा नवा षड्ज करावा. असें केल्यानें जुन्या सप्तकांतील एकच स्वर बदलतो : जुना शुद्ध मध्यम तीव्र होतो, व तोच नव्या सुराचा निषाद बनतो. पुढील कोष्टक वहींत उतरून घ्यावें व पेटीवर ताडून पाहावें.

पांढरी एक : काळी पट्टी एकहि नाहीं.
पांढरी पांच : एक काळी; निषाद.
पांढरी दोन : दोन काळ्या, गंधार व निषाद.
पांढरी सहा : तीन काळ्या, गंधार, धैवत व निषाद.
पांढरी तीन : चार काळ्या, ऋषभ, गंधार, धैवत व निषाद.
पांढरी सात : पांच काळ्या, षड्ज व मध्यम तेवढे पांढरे.
काळी तीन : पांच काळ्या, मध्यम व निषाद पांढरे.
काळी एक : पांच काळ्या, गंधार व निषाद पांढरे.
काळी चार : चार काळ्या; षड्ज, ऋषभ, मध्यम व पंचम.
काळी दोन : तीन काळ्या, षड्ज, मध्यम व पंचम.
काळी पांच : दोन काळ्या, षड्ज व मध्यम.
पांढरी चार : एक काळी, मध्यम.

पांढरी चारचा पंचम पुन्हां पांढरी एकच येतो, व वर्तुळ पुरें होतें. काळ्या पट्ट्या एकेक करून वाढतात व तशाच एकेक करून उतरतात. प्रत्येक नव्या सुरांत नवें ओझें फार थोडें असतें, म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

पायरी तिसरी : बोटें

काळ्या पट्ट्यांचे सूर कठीण, ही समजूत बहुधा डोळ्यांची आहे, हाताची नव्हे. आपल्या हाताचीं मधलीं तीन बोटें लांब व अंगठा आंखूड आहे. लांब बोटें उंच काळ्या पट्ट्यांवर व अंगठा खालच्या पांढऱ्या पट्टीवर पडला म्हणजे हात आपोआप आरामांत बसतो. म्हणूनच पियानोचा थोर वादक व शिक्षक फ्रेडरिक शोपां (१८१०-१८४९) आपल्या शिष्यांना पांढरी एकऐवजीं पांढरी सातचें सप्तक आधीं शिकवी. पांढरी एकचें सप्तक वाचावयास सोपें, परंतु हाताला सर्वांत अवघड, असें त्याचें मत होतें.

नियम असा ठेवावा कीं, सप्तक वाजवितांना अंगठा काळ्या पट्टीवर ठेवूं नये. काळी एकमध्यें उजव्या हाताचा अंगठा गंधार व निषाद यांवर येतो. काळी तीनमध्यें मध्यम व निषाद यांवर. पांढरी सातमध्यें षड्ज व मध्यम यांवर. म्हणजे पांढऱ्या राहिलेल्या त्या दोन पट्ट्याच अंगठ्याचीं घरें होत. षड्ज काळा असेल तेथें आरंभ तर्जनीनें करावा.

पायरी चौथी : कान

आतां एक गंमत करून पाहा. काळी तीन हा षड्ज धरून फक्त काळ्या पट्ट्या क्रमानें वाजवा. भूप रागाचे पांचहि स्वर निघतील. त्याच पट्ट्या काळी एक हा षड्ज धरून वाजवा, दुर्गा रागाचे स्वर होतील. काळी पांच षड्ज मानला तर मालकंसाचे, काळी दोन मानला तर धानीचे, व काळी चार मानला तर मधमाद सारंगाचे स्वर हातीं लागतात. पट्ट्या त्याच पांच. बदलला तो फक्त षड्ज. या खेळापासून मुख्य धडा हा घ्यावयाचा कीं, पट्टीला स्वतःचें नांव नाहीं. षड्ज कोठें आहे त्यावरून तिला गंधार किंवा धैवत म्हणावयाचें. यासाठीं वाजवितांना सरगम नेहमीं तोंडानें म्हणावी. मोजणी ही कुबडी आहे. पाय बळकट झाल्यावर ती टाकून द्यावयाची असते. गळा 'ग' म्हणतो व बोट आपण होऊन तेथें जातें, अशी स्थिति आली म्हणजे तो सूर साध्य झाला असें समजावें.

पायरी पांचवी : स्वरजोड्या

समूहगीताला साथ करितांना षड्ज, गंधार व पंचम एकदम दाबण्याची रीति आहे. षड्जापासून चार घरांवर गंधार व तेथून तीन घरांवर पंचम. बारा सुरांच्या या बारा जोड्या पाठ करणें जड वाटतें, परंतु त्यांचे आकार थोडेच आहेत. पांढरी एक, चार व पांच यांच्या जोड्या सर्व पांढऱ्या आहेत. पांढरी दोन, तीन व सहा यांत मधली तेवढी काळी. काळी एक, दोन व चार यांत उलट मधली तेवढी पांढरी. काळी तीनची जोडी सर्व काळी. काळी पांचमध्यें पहिली काळी व पुढच्या दोन पांढऱ्या. पांढरी सातमध्यें पहिली पांढरी व पुढच्या दोन काळ्या. पुष्कळ साधीं गीतें षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभारलेल्या तीनच जोड्यांवर निभावतात.

पायरी सहावी : नित्याचा अभ्यास

पांच-सहा स्वरांत बसणारें, तुम्हांला चांगलें पाठ असलेलें एक लहान गाणें निवडा. तेंच गाणें बाराहि सुरांत वाजवावयाचें. गाणें बदलावयाचें नाहीं. दर आठवड्यास एक सूर, व रोज पंधरा मिनिटें. आधीं पांच मिनिटें सप्तक, मग पांच मिनिटें गाणें, आणि शेवटचीं पांच मिनिटें डोळे मिटून तेंच गाणें. लय सावकाश असावी. चूक झाल्यास आरंभापासून न घेतां चुकलेली ओळच तीन वेळां घ्यावी. जूनमध्यें शाळा उघडतांच आरंभ केला तर गणपतीच्या सुमारास बारा आठवडे पुरे होतात. त्यानंतर बारा चिठ्ठ्यांवर बारा सूर लिहून डब्यांत टाकावे, रोज सकाळीं एक चिठ्ठी उचलावी, व त्या सुरांत गाणें वाजवावें. आवडते सूर पुन्हां पुन्हां घेऊन नावडते टाळण्याची जी आपल्या सर्वांना खोड असते, तिला हा चांगला उपाय आहे.

या काळांत बटणाला हात लावूं नये. पुढें कधीं समारंभांत अकस्मात् अवघड सूर आला व हाताचा भरंवसा वाटला नाहीं, तर लाज न बाळगतां बटण वापरावें. गाणारा उघडा पडण्यापेक्षां तें केव्हांहि बरें. मात्र गाणें संपतांच तें शून्यावर आणावें, आणि घरीं गेल्यावर तो सूर अभ्यासास घ्यावा.

आतां पालकांस दोन शब्द. मुलांना वाद्य घेऊन देतांना फार बटणांच्या भारी कीबोर्डाची आवश्यकता नाहीं. पट्ट्या पूर्ण रुंदीच्या असाव्या व तीन सप्तकें असावीं, इतकें पुरे. साधी पेटीहि उत्तम. "किती गाणीं येतात?" असें मुलाला न विचारतां "हें एक गाणें किती सुरांत येतें?" असें विचारावें. आणि मूल गातांना स्वर चढेना, तर "तुला गळा नाहीं" हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं तेंच गाणें चार निरनिराळ्या सुरांत त्याच्याकडून म्हणवून पाहावें. बहुतेक वेळां तें वाक्य उच्चारण्याचें कारणच उरत नाहीं. गळा जसा आहे तसा देवानें दिलेला असतो. त्याच्याजवळ जाऊन बसणें हें पेटीचें काम आहे.

वर सांगितलेली ती लहान मुलगी आतां आमच्या संगीताच्या वर्गांत आहे. पहिल्या दिवशीं तिला सूर सांपडेना. आम्ही पांढरी एक घेतली, ती फार खालीं पडली. पांढरी सहा घेतली, ती वर गेली. काळी चार धरतांच तिचें तोंड उजळलें व तिनें गाणें शेवटपर्यंत म्हटलें. तिला न्यावयास आलेले तिचे वडील दारांत उभे होते. मुलें गेल्यावर आम्ही त्यांना आंत बोलाविलें, पेटीचा भाता पुन्हां हातीं घेतला, व पांढरी एकवरून एकेक पट्टी खालीं उतरत गेलों. पांढरी सहावर येऊन थांबलों, तेव्हां त्यांनीं बावीस वर्षांपूर्वींच्या त्या प्रार्थनेचें पहिलें कडवें म्हणून दाखविलें. एकहि स्वर चुकला नाहीं.